तरुणांच्या संवादकौशल्यासाठी कंपन्यांची मदत : नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधले एचआर, तालुक्याच्या कॉलेजांतले प्लेसमेंट पाहणारे प्राध्यापक, आयटीआयचे निदेशक, पालक आणि खुद्द मुलं-मुली यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पैशांचे आणि नियमांचे अवघड प्रश्न पुढे आहेत.

१. संवादकौशल्य म्हणजे इंग्रजी बोलणंच ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की निम्मे उपक्रम तिथेच वाट चुकतात. कारखान्यात पाळी बदलताना पुढच्या माणसाला मशीनचं काय बिघडलं, आपण काय करून पाहिलं आणि काय राहिलं हे तीन वाक्यांत सांगता येणं हे संवादकौशल्य आहे. सुपरवायझरनं भरभर सूचना दिल्यावर "साहेब, दुसरा मुद्दा कळला नाही, परत सांगता का?" असं न घाबरता विचारता येणं हेही त्यातच येतं. अपघात होता होता टळला तर तो लपवून न ठेवता नीट कळवणं, रजेचा मेसेज समोरच्याला एकदा वाचून कळेल असा लिहिणं, मुलाखतीत आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण स्वतः काय केलं ते सांगणं आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणं, हे सगळं यात मोडतं. इंग्रजी हा यातला एक भाग आहे. तो कुठे आणि किती लागतो, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. आमची मुलं हुशार आहेत, मित्रांत भरपूर बोलतात. मग मुलाखतीला गप्प का होतात?

कारण तसं बोलायची वेळ त्यांच्यावर त्याआधी आलेलीच नसते. पेठ-सुरगाण्याकडच्या अनेक घरांत कोकणा बोलली जाते, बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी, मालेगाव शहरात मोठ्या प्रमाणावर उर्दू. शाळेत प्रमाण मराठी येते, कॉलेजात पुस्तकं इंग्रजी होतात. प्रत्येक टप्प्यावर 'आपलं बोलणं चुकीचं आहे' ही भावना थोडी थोडी साठत जाते. भरलेल्या वर्गात उत्तरं एक तर सगळे मिळून देतात, नाही तर पहिल्या बाकावरचे ठरावीक चौघं देतात. अनोळखी आणि अधिकाराच्या माणसासमोर एकट्यानं बोलण्याचा पहिला प्रसंग थेट नोकरीच्या मुलाखतीतच येतो. याला आपण लाजाळूपणा किंवा न्यूनगंड म्हणून मोकळे होतो. खरं तर सरावच झालेला नसतो, आणि सराव देता येतो.

३. कंपन्यांवर असा खर्च करायचं बंधन आहे का?

ठरावीक कंपन्यांवर आहे. कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात ५०० कोटी रुपये किंवा अधिक नक्त मूल्य (नेट वर्थ), १,००० कोटी किंवा अधिक उलाढाल, अथवा ५ कोटी किंवा अधिक निव्वळ नफा, यांपैकी एक जरी अट पूर्ण होत असेल, तर त्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. पैसे कशावर घालायचे हे मात्र कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. "तुम्ही आमच्याच कॉलेजला द्या" असा हक्क कुणालाही सांगता येत नाही. कंपनी जिथे काम करते तिथल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कलम सांगतं, म्हणून सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी इथे कारखाना असलेल्या कंपनीकडे नाशिक जिल्ह्यातला प्रस्ताव घेऊन जाणं रास्तच आहे.

४. संवादकौशल्याचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये बसतं का?

बसतं. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीत, शिक्षणाला चालना आणि रोजगाराला पूरक व्यावसायिक कौशल्यं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रस्तावात 'व्यक्तिमत्त्व विकास' असा मोघम शब्द घालण्यापेक्षा कोणत्या मुलांना, कोणत्या प्रकारच्या कामासाठी, काय बोलता-लिहिता आलं पाहिजे ते मांडा. कंपनी सचिवालाही तो प्रस्ताव अनुसूचीला जोडणं सोपं जातं. कोणत्या गोष्टी बसत नाहीत, ते प्रश्न १३ ते १५ मध्ये आहे.

५. शिकवायचं मराठीत की इंग्रजीत?

सुरुवात मुलाला ज्या भाषेत विचार सुचतात त्या भाषेत करावी. याबाबत माझं मत ठाम आहे. ज्याला स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल मराठीत दोन मिनिटं सलग बोलता येत नाही, त्याच्या हातात इंग्रजी वाक्यांची यादी दिली तर तो ती पाठ करतो, आणि मुलाखत घेणाऱ्यानं पहिला उपप्रश्न विचारला की अडतो. आधी मुद्दे लावणं, उदाहरण देणं आणि प्रश्न विचारणं मराठीत, अहिराणीत किंवा उर्दूत पक्कं होऊ द्या. मग तेच बोलणं हिंदीत आणि इंग्रजीत न्या.

गरज कामावर ठरते. शॉप फ्लोअरवर बोलणं बरंचसं मराठी-हिंदीत चालतं, पण ड्रॉइंग, तपासणीचे तक्ते आणि ग्राहकाचे ईमेल इंग्रजीत असतात. म्हणजे वाचणं आणि लिहिणं आधी लागतं. आयटी किंवा निर्यातीच्या कामात इंग्रजी संभाषण पहिल्या दिवसापासून लागतं. द्राक्षबागायतदाराच्या मुलीला परदेशी खरेदीदाराशी बोलायचं असेल तर तिचा शब्दसंग्रह वेगळा, आणि २०२७ च्या सिंहस्थात देशभरातून येणाऱ्या भाविकांना वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकाला आधी चांगली हिंदी हवी. सगळ्यांना एकच पुस्तक वाटणं यामुळेच फसतं.

६. कंपनी एका दिवसाचं शिबिर द्यायला तयार आहे. घ्यावं का?

ओळख म्हणून घ्या. बदल म्हणून त्यावर विसंबू नका. सभागृहात २०० मुलं, मंचावर चांगला वक्ता, टाळ्या, हशा, आणि दिवसभरात प्रत्यक्ष बोलली पाच-सहा मुलं. तीसुद्धा बहुधा ज्यांना आधीपासून बोलता येतं तीच. पोहण्यावरचं भाषण ऐकून कुणी पोहायला शिकत नाही.

कुठल्याही उपक्रमाबद्दल मी एकच प्रश्न विचारते : एका मुलाला स्वतः बोलायला किती मिनिटं मिळाली? २४ मुलांचा गट आणि दीड तासाचं सत्र धरा. प्रशिक्षकानं २० मिनिटं घेतली तर ७० मिनिटं उरतात. एकेकाला पुढे बोलावलं तर प्रत्येकाला तीन मिनिटांहून कमी वेळ मिळतो. जोड्या केल्या तर प्रत्येकाला ३५ मिनिटं. आठवड्यातून दोनदा असं बारा आठवडे चाललं, तर पहिल्या पद्धतीत एका मुलाच्या वाट्याला सव्वा तासाहूनही कमी बोलणं येतं, दुसऱ्यात चौदा तास. खर्च तेवढाच, खोली तीच आणि प्रशिक्षकही तोच.

७. मग चांगला उपक्रम दिसतो कसा?

गट लहान असतो, वीस-पंचवीसचा. सत्रं निदान तीन महिने चालतात. वर्गाबाहेरचा ऐकणारा माणूस मधून मधून येतो, कारण रोजच्या सरांसमोर भीती जाते पण अनोळखी माणसासमोर ती परत येते. विषय मुलांच्या आयुष्यातले असतात : गावाचं पाणी, घरचा कांदा लासलगावला नेला तेव्हाचा भाव, कॉलेजचं प्रोजेक्ट, एसटी चुकल्याची तक्रार. बोलून झाल्यावर 'छान' एवढंच न म्हणता एक नेमकी गोष्ट सांगितली जाते, जसं "उदाहरण चांगलं होतं, पण ते सुरुवातीला आलं असतं तर मुद्दा आधी कळला असता." उच्चारावर हसणं पहिल्या दिवशीच बंद केलं जातं. 'न'-'ण'च्या चुकीवर वर्ग हसला की ते मूल पुढचे दोन आठवडे तोंड उघडत नाही.

८. कंपनी पैसे न देता आपली माणसं दिली तर चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते तीच कंपनीकडची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. क्वालिटी विभागातला माणूस येऊन "आमच्याकडे रिजेक्शन वाढलं की मी ऑपरेटरला काय विचारतो" हे सांगतो आणि मुलांकडून तसं बोलून घेतो, तेव्हा जे शिकता येतं ते कुठल्याही पुस्तकात नाही. सराव-मुलाखती, कारखाना पाहायला नेणं, महिन्यातून एक शनिवार कॉलेजात येऊन लहान गटाचं ऐकणं, हे सगळं कर्मचारी करू शकतात.

हिशेबाच्या दृष्टीनं एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची पैशात किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ च्या खुलाशात हे स्पष्ट केलं आहे.

९. अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. सीएसआर लागू नाही. आम्ही काय करू शकतो?

बरंच. कायद्याची सक्ती नाही म्हणून कागदपत्रंही नाहीत. जवळच्या आयटीआयच्या पाच मुलांना महिन्यातून एकदा बोलवा, एक मशीन दाखवा आणि पुढच्या वेळी त्यांच्याकडून ते तुम्हाला समजावून घ्या. नोकरी देताना नाकारलेल्या मुलाला कारण एका वाक्यात सांगा. हे करणारे फार थोडे आहेत, आणि त्या एका वाक्याचा मुलांना फार उपयोग होतो. निमा किंवा आयमासारख्या उद्योजक संघटनेमार्फत चार-पाच वर्कशॉप एकत्र आली तर एका गटाला वर्षभर ऐकणारी माणसं मिळू शकतात.

१०. मी विद्यार्थी आहे. माझ्या कॉलेजात असं काही नाही. काय करू?

वाट पाहू नका. तिघं-चौघं मिळून आठवड्यातून दोनदा भेटा. एकानं पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकून तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं, तिसऱ्यानं काय कळलं आणि काय नाही ते सांगायचं. फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही, पण नेमकं काय सुधारायचं ते त्यातूनच कळतं. नाशिकला ऐकण्याची मोठी परंपरा आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे. व्याख्यान ऐकून आल्यावर वक्त्याचे तीन मुद्दे मित्राला सांगून पाहा. एनएसएसमध्ये असाल तर शिबिरात सूत्रसंचालन मागून घ्या.

११. आमच्या संस्थेला सीएसआरचे पैसे घ्यायला कोणती कागदपत्रं लागतात?

संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालची कंपनी असावी, तिच्याकडे १२ए आणि ८०जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या असाव्यात, तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असावी. खासगी कॉलेजाच्या बाबतीत ही नोंदणी कॉलेजच्या नावानं नसते, ते चालवणाऱ्या संस्थेच्या नावानं असते. प्राचार्यांनी प्रस्तावापूर्वी संस्थेच्या कार्यालयात तो क्रमांक विचारून घ्यावा, म्हणजे पुढचे हेलपाटे वाचतात. कंपनीनं उपक्रम स्वतःच चालवायचा ठरवला, तर मध्ये संस्था लागतच नाही.

सरकारी आयटीआयमध्ये जिथे उद्योगांच्या प्रतिनिधींसह संस्था व्यवस्थापन समिती आहे, तिथे आधी तिच्याशी बोलावं. तिथल्या अभ्यासक्रमात रोजगारक्षमता कौशल्ये हा विषय आधीपासूनच आहे. नवा वर्ग उभा करण्यापेक्षा त्या तासांना कंपनीची माणसं आणणं सोपं पडतं.

१२. प्रस्ताव कधी द्यायचा? त्यात काय लिहायचं?

जानेवारी ते मार्चमध्ये, पुढच्या आर्थिक वर्षासाठी. कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा साधारण त्या सुमारास आकार घेतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात "पैसे शिल्लक आहेत, लगेच काहीतरी करा" असा फोन आला तरी वह्या-पुस्तकं छापून मोकळे होऊ नका. सत्रं विद्यापीठाच्या परीक्षा टाळून लावा. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि नंतर डिसेंबर ते फेब्रुवारी हे काळ बरे पडतात.

दोन पानं पुरतात. मुलं कोण, आज त्यांना काय जमत नाही, तीन महिन्यांनी काय जमेल, कोण शिकवणार, एका मुलाला बोलायला किती मिनिटं मिळणार (प्रश्न ६) आणि खर्च किती, एवढं असावं. मानधन, प्रवास आणि नाश्ता वेगवेगळे दाखवा. पेठहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या मुलाला दुपारी दोनपर्यंत उपाशी बसवून बोलायला शिकवता येत नाही, म्हणून नाश्त्याची ओळ खोडू देऊ नका.

कंपनीकडून एक हरकत हमखास येते : "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको." ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रशिक्षकाचं मानधन हा प्रत्यक्ष उपक्रमाचा खर्च आहे, तो त्या ५ टक्क्यांत मोडत नाही.

१३. आमच्या कामगारांच्या मुलांसाठीच वर्ग घेतले तर सीएसआर धरता येईल का?

फक्त त्यांच्यासाठी असतील तर नाही. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या फायद्यासाठी केलेला उपक्रम सीएसआरमध्ये बसत नाही. वर्ग परिसरातल्या सगळ्या तरुणांना खुला असेल आणि त्यात काही कामगारांची मुलं आली, तर चालतं.

१४. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला कंपनीनं बॅनरसकट प्रायोजकत्व दिलं तर?

द्यायला हरकत नाही, पण ते जाहिरातीच्या खर्चातून. स्वतःच्या मालाला प्रसिद्धी मिळवून देणारं प्रायोजकत्व नियमांनुसार सीएसआरमधून वगळलं आहे, आणि एकेकटे कार्यक्रम त्यात धरू नयेत असं मंत्रालयानं जून २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं होतं.

१५. शिकवलेल्या मुलांना आम्हीच नोकरीवर घेतलं तर नियम मोडतो का?

उपक्रम सर्वांसाठी खुला आहे, मुलं कुठेही नोकरी करायला मोकळी आहेत आणि त्यातली काही नेहमीच्या निवडीतून तुमच्याकडे आली, तर अडचण दिसत नाही. 'प्रशिक्षणानंतर आमच्याकडेच रुजू व्हायचं' अशी अट घातली की तो कंपनीच्या भरतीचा भाग होतो. व्यवसायाच्या नेहमीच्या कामावरचा खर्च सीएसआर नसतो. सीमारेषेवरच्या प्रकरणी कंपनी सचिवाचा लेखी अभिप्राय आधीच घ्या.

१६. सरकारी इंटर्नशिप योजना आणि हे एकच का?

वेगळं आहे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) विद्यावेतन सरकार देतं : बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये महिना. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याच्या ५,००० रुपयांपैकी ५०० रुपये कंपनीच्या सीएसआरमधून येतील असं ठरलं. दोन्हींत काम मिळतं, पण बोलायला कुणी मुद्दाम शिकवत नाही. असे प्रशिक्षणार्थी तुमच्याकडे असतील तर दर शुक्रवारी आठवड्याचं काम त्यांच्या तोंडून पाच मिनिटं ऐका.

१७. मुली नाव नोंदवतात आणि दोन आठवड्यांत यायच्या बंद होतात. का?

आधी वेळ पाहा. संध्याकाळी सहाला सुटणारा वर्ग म्हणजे गिरणारे किंवा त्र्यंबककडच्या मुलीला घरी पोचायला रात्र. वर्ग दुपारी घ्या, सीबीएस बसस्थानकाजवळ किंवा कॉलेजातच घ्या, एसटी आणि सिटीलिंक या शहर बसच्या वेळा पाहून घ्या. पहिल्या आठवड्यात पालकांना बोलवा आणि त्यांच्यासमोर मुलींना दोन मिनिटं बोलू द्या. मुलीला बोलताना पाहिलेले वडील सहसा तिला थांबवत नाहीत. गटात निदान एक महिला प्रशिक्षक असावी. वर्गात मुलगे सगळी मिनिटं खातात, म्हणून जोड्यांचा सराव (प्रश्न ६) मुलींसाठी आणखी महत्त्वाचा.

१८. अडखळत बोलणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या मुलांना घ्यावं का?

जरूर घ्यावं. अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य मध्येच पूर्ण करू नका, "सावकाश बोल" असंही म्हणू नका. त्याला वेळ द्या आणि डोळ्यांत पाहून ऐका. अडखळणं थांबवणं हे वाचा-उपचारतज्ज्ञाचं काम आहे, आपलं काम त्याचं म्हणणं पोचवण्याचं. कर्णबधिर मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च प्रस्तावात सुरुवातीपासून धरा. मुलाखत घेणाऱ्या कंपनीच्या माणसालाही त्यासाठी आधी तयार करावं लागतं.

१९. सुधारणा झाली हे कंपनीला कसं दाखवायचं?

हजेरी आणि प्रमाणपत्रं यांवरून काहीच कळत नाही. पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाचं एकाच विषयावरचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे न सांगता बाहेरच्या माणसाकडून ऐकवून घ्या : मुद्दा कळला का, उदाहरण होतं का, प्रश्नाला उत्तर मिळालं का. नियमांनुसार स्वतंत्र परिणाम-मूल्यमापन मोठ्या कंपन्यांनाच बंधनकारक आहे : सरासरी सीएसआर बंधन १० कोटी किंवा अधिक, आणि प्रकल्प १ कोटी किंवा अधिक खर्चाचा व पुरा होऊन वर्ष झालेला. लहान उपक्रमाला हे रेकॉर्डिंग पुरेसं आहे.

२०. ती रेकॉर्डिंग कंपनी आपल्या पेजवर टाकू शकते का?

मुलाच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय नाही, आणि अठरा वर्षांखालील असेल तर पालकांच्या संमतीशिवाय नाही. शिकण्यासाठी दिलेली संमती जाहिरातीला चालत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांचे चेहरे न दाखवलेलेच बरे. बोलायला नुकती लागलेली मुलगी स्वतःचा अडखळता व्हिडिओ शेकडो लोकांनी पाहिला हे कळल्यावर परत गप्प होऊ शकते.

२१. कंपनीनं मध्येच हात काढून घेतला तर?

असं होतं. नफा घटतो किंवा सीएसआर पाहणारे अधिकारी बदलतात. सुरुवातीलाच उपक्रम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो, आणि वर्षअखेरीला न वापरलेली रक्कम कंपनीनं ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायची असते, म्हणजे ती त्याच प्रकल्पासाठी उपलब्ध राहते. शिवाय पहिल्या वर्षापासून कॉलेजातले दोन प्राध्यापक आणि आधीच्या गटातली चार मुलं यांना गट चालवायला शिकवा. मानधन थांबलं तरी जोड्यांचा सराव आणि शनिवारचा ऐकणारा पाहुणा यांना फारसे पैसे लागत नाहीत. खोलीची किल्ली कोणाकडे राहील, तेवढं आधी लिहून ठेवा.